मंडईत घातलेलं नाव

जुनी तलवार कुणी दाखवायला आणली की मी आधी तिचा वास घ्यायचो. लोक हसायचे. हसोत बापडे! खऱ्या गंजाला वास नसतो, असला तर जुन्या तेलाचा असतो. पण उकिरड्यात दोन महिने पुरून ‘जुनी’ केलेली तलवार कितीही पुसा, मुठीच्या आतल्या बाजूला शेणखताचा वास राहतोच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भर दुपारी, डोळे उघडे ठेवून मी स्वतःला शेंडी लावून घेतली, तेव्हा शिकलो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी बालाघाटला जंगल खात्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर टेबलावर वाकून नकाशे काढायचे, नाले निळे करायचे, हद्दी तांबड्या करायच्या. आमचं घराणं दोन पिढ्या बालाघाटातच, सरकारी नोकरीत. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. नोकरीत मान होता, पण गंमत काही नव्हती. अशात एक रेंजरसाहेब रिटायर झाले आणि सामान आवरताना त्यांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत पलटणींच्या कोटांची पितळी बटणं होती. कुणावर सिंह, कुणावर बिगुल, कुणावर नुसता आकडा. मी ती भिंगाखाली ठेवली आणि कामातून गेलो.

मग बटणांवरून पट्ट्यांची बक्कलं, बक्कलांवरून संगिनी, पाण्याच्या बाटल्या, पदकं. बायकोचं डोकं फिरलं.

“सैपाकघरात डबे ठेवाले जागा नाही, अन् तुमची पलटण येऊनच राह्यली,” ती म्हणायची. “त्याहिले जेवाले बी वाढू काय?”

जबलपूरकडून एक माणूस पोतं घेऊन यायचा. गोड बोलायचा. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या कॉलनीतल्या साहेबलोकांना दिवाणखान्यात भिंतीवर तलवार लावायची हौस आली होती, त्यांच्यासाठी तो माल आणायचा आणि जाता जाता मलाही दाखवायचा. एकदा त्यानं पोत्यातून एक तलवार काढली. सत्तावनच्या गदरातली, म्हणाला. एका नवाबाच्या सरदाराची, त्याच्या पणतूनं रडत रडत विकली. पात्यावर फारसी अक्षरं. मी दिवाळीसाठी ठेवलेले पैसे देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ती तलवार घेऊन मी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडे गेलो, काय लिहिलंय ते वाचून घ्यायला. त्यांनी चष्मा लावला, पातं इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं.

“भाई, इसमें कुछ लिखा ही नहीं है,” ते म्हणाले. “किसी ने देख-देखके लकीरें उतारी हैं. उसको पढ़ना नहीं आता था.”

आणि मला खरेदी करता येत नव्हती! घरी आलो तर बायकोनं तलवार हातात घेतली, वजन पाहिलं, आणि म्हणाली, “फेकू नका. भाजी चिराले विळा करून घेऊ.” महिनाभर तिनं मला ते ऐकवलं.

पण त्या तडाख्यानं मी शहाणा झालो. निदान मला तसं वाटलं. जबलपूरवाल्याच्या पणतूची गोष्ट मी ऐकली, म्हणून फसलो. तेव्हापासून ठरवलं, माणसाचं तोंड पाहायचं नाही, त्याची गोष्ट ऐकायची नाही. वस्तू टेबलावर ठेवायची आणि वस्तूलाच विचारायचं. वापरून झिजलेली वस्तू उंच जागी झिजते, जिथं बोटं लागतात, कापड घासतं तिथं. खोटी झिजवलेली वस्तू सगळीकडे सारखी झिजते, खाचेतसुद्धा. पदक आलं तर आधी त्याची कड बघायची. इंग्रजांच्या काळी बऱ्याच पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण ठोकलेली असायची. दगाबाज माणूस साध्या शिपायाचं नाव कानशीनं घासून काढतो आणि तिथं कुणा बहाद्दराचं नाव घालतो. घासलेली कड म्हणजे चोरीचा माल समजा. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं होतं, आणि जी जी वस्तू तपासली तिची नोंदही त्याच वहीत करायचो.

याच ज्ञानावर मी त्या जबलपूरवाल्याला पकडलं. मलाजखंडच्या एका इंजिनिअरसाहेबांनी मला पदक बघायला बोलावलं होतं. विकणारा तिथंच, सोफ्याच्या टोकाला बसलेला. मी कडेवरून नख फिरवलं. एका जागी नख खाली उतरलं. भिंग लावलं तर कानशीच्या रेघा स्पष्ट. मी पदक इंजिनिअरसाहेबांच्या हातात दिलं आणि त्यांना म्हणालो, यांना विचारा, खालचं नाव कुणाचं होतं? तो माणूस चहा अर्धा टाकून उठला. परत कधी बालाघाट जिल्ह्यात दिसला नाही.

झालं! गावभर बातमी. माझी कॉलर ताठ. रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात माणसं यायला लागली. कुणी भरवेलीच्या खाणीत काम करणारा आपल्या आजोबाची म्हणून संगीन आणतोय, कुणी व्यापारी ढाल आणतोय, आणि चार रिकामटेकडे नुसते बघायला. मी मध्ये खुर्ची टाकून बसायचो, हातात भिंग. आणि आता लपवून काय करू? ‘असली आहे’ म्हणण्यात मला काही मजा येत नसे. ‘नकली’ म्हटलं की व्हरांड्यात कसा एक हुंकार उठायचा! तो ऐकायची मला चटक लागली होती.

अशाच एका रविवारी एका खेड्याचे सरपंच आले. गाव महाराष्ट्राच्या सरहद्दीकडचं, तिरोडीच्या बाजूचं. त्यांच्यामागे एक म्हातारी. नऊवारी, डोक्यावर पदर, पाय धुळीनं पांढरे. ती पायरीखालीच उभी राहिली. बस म्हटलं तेव्हा व्हरांड्याच्या कडेला टेकली.

सरपंच म्हणाले, “साहेब, आमच्या गावचे पाच जण जर्मनच्या पह्यल्या लढाईत गेलते. शाळेसमोर दगड बसवून राह्यलो, त्याच्यावर त्याहिची नावं टाकाची आहेत. चौघाइचे कागद आहेत. या मायच्या मालकाचे कागद वाळवीनं खाल्ले. नुसता बिल्ला उरला.”

“मग टाका की नाव,” मी म्हणालो.

“तेच त! गावातले दोघं-चौघं म्हणतात, तो लढाईत गेलाच नोता. तितके दिवस तिरोडीच्या खाणीत होता अन् येऊन बाता मारल्या. लगन बी त्याचं आल्यावर झालं, मायनं काही डोळ्यानं पाह्यलं नाही. म्हणून तुमच्याकडे आणलं. तुम्ही खरं म्हणसान त नाव टाकतो. नाही म्हणसान त नाही.”

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आतून काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक गोल पदक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं. चांदीचं. असं लखलखीत, की माझ्या मनात ‘नकली’ हा शब्द तिथंच तयार झाला. साठ वर्षांपूर्वीची चांदी काळी पडलेली असते.

“बाई, एवढं चकचकीत कसं हो हे?”

“दर दसऱ्याले घासते ना जी. चिंच लावते, मंग राखेनं घासते. शस्त्राच्या पूजेत ठेवते.”

मी ऐकलं, आणि सोडून दिलं. विकणारेही असलंच काहीबाही सांगत. भिंगाखाली घेतलं. एका बाजूला राजाचं डोकं, पण नाक-डोळे सपाट. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, घोड्याच्या पाठीचा पत्ता नाही. मग कड फिरवली आणि मला हसूच फुटलं. कडेवर देवनागरीत नाव होतं! टिंबाला टिंब जोडून, छिन्नीनं ठोकलेलं, जसं लग्नातल्या तांब्यावर आणि ताटावर घालतात तसं. भांड्यावर नाव घालणाऱ्याचं काम. खोटेपणा करणाऱ्यानं निदान जरा मेहनत तरी घ्यावी!

“हे नाव कुणी घातलं?”

“म्याच घालून आणलं जी, मंडईत.”

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. तिथं भांड्यांची दुकानं लागतात आणि बाजूला छिन्नी-हातोडी घेऊन नाव घालणारा बसतो. मी व्हरांड्यातल्या लोकांकडे पाहिलं. ऐकलं ना? बाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

“आणि त्याच्या आधी इथं काय होतं?”

“इंग्रजी अक्षरं होते.”

“काय लिहिलं होतं?”

“मले काय वाचता येते, जी? हे म्हणत का माहं नाव हाये.”

“म्हणजे ती अक्षरं पुसली आणि हे घातलं.”

“पुसले नाही जी. पुसून गेले.”

व्हरांड्यात हशा पिकला. त्या हशात माझाही आवाज होता. अरे, इंग्रज सरकारनं ठोकलेली अक्षरं आपोआप पुसून जातात होय! म्हातारी काही तरी सांगत होती, हे आठवतं. तिचा हात हवेत वर-खाली होत होता, बहुतेक घासून दाखवत होती. मी हात वर करून तिला थांबवलं आणि माझा निकाल सुनावला. पदक चांदीचं आहे, इंग्रजांच्या वेळचं आहे, पण मूळ शिपायाचं नाव घासून काढलेलं आहे. दुसऱ्या कुणाचं तरी पदक. यांच्या मालकांनी बाजारात घेतलं असावं.

तिला ते कळायला जरा वेळ लागला.

“म्हणजे हा बिल्ला त्याचा नाही?”

“नाही.”

“त मंग तो गेलाच नोता?”

“ते मी कसं सांगणार, बाई? पदक त्यांचं नाही, एवढं नक्की.”

सरपंच उठले. त्यांचा चेहरा पडला होता, माणूस भला होता. म्हातारीही उठली आणि पदक टेबलावर तसंच ठेवून पायऱ्या उतरायला लागली. “बिल्ला घे ना माय,” असं सरपंचांनी मागून म्हटलं, तेव्हा वळली. तिनं ते उचललं, पण पदरात नाही बांधलं. नुसतं मुठीत धरून नेलं. मी वही उघडून नोंद केली: चांदी. कड घासलेली. नवं नाव देवनागरीत, भांड्यावरचं काम. पदक टांगायच्या दांडीच्या पकडीजवळ जुने दोन इंग्रजी आकडे शिल्लक. नकली. आणि मग पुढच्या माणसाला बोलावलं.

बायको आतून सगळं ऐकत होती. दुपारी जेवायला वाढताना म्हणाली, “तिले काही विकाचं थोडीच होतं? मंग ती काहून खोटं बोलन?”

मी तिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. खरंच असं म्हणालो, भाताचा घास हातात धरून.

त्यानंतर तीन वर्षं गेली. माझा रविवारचा दरबार चालूच. दिवाळीनंतर आम्ही दोघं बायकोच्या माहेरगावी मंडईला गेलो होतो. तिच्या हातात पिशवीत पाण्याचा पितळी गुंड होता, लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला. नाव घालणाऱ्यासमोर ती उकिडवी बसली आणि त्याला गुंड दिला.

“याच्यावर माह्या वडिलाचं नाव पुन्हा घालून दे बापा. होतं तसंच. दिसेनासं झालं.”

मी वाकून पाहिलं. गळ्याखाली जिथं नाव होतं तिथं आता नुसती ओळीत बसलेली धूसर टिंबं. दोन-तीन अक्षरं काठाच्या आडोशाला राहिली होती, तेवढी वाचता येत होती.

“हे कुणी घासून टाकलं?” मी विचारलं. अजून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, इतका मी मंद.

बायकोनं मान वर केली. “कोण घासन? मीच घासते रोज राखेनं, वीस वर्सं झाले. तुमाले दिसते कोठी?”

नाव घालणारा ठोकायला लागला. टक टक टक. आणि आता प्रकाश पडला. बायको विचारत होती काय झालं. डोळ्यांसमोर म्हातारीचा तो वर-खाली होणारा हात होता.

घरी येऊन आधी वही काढली. एक एक गोष्ट उलटी सुलटी करून पाहिली आणि प्रत्येक वेळी मीच खोटा ठरलो. कानशीच्या रेघा पाहिल्याची नोंद नव्हती, कारण रेघा नव्हत्याच. नाव खोडणारा नुसती कड घासतो. राजाचं नाक आणि घोड्याची पाठ कशाला घासेल? नाक, पाठ, कड, सगळ्या उंच जागा झिजलेल्या, म्हणजे माझ्याच वहीतल्या नियमानं ती झीज अस्सल हाताची झीज. दरवर्षी दसऱ्याला, साठ वर्षं, चिंच आणि राख. ती हेच सांगत होती आणि मी हात वर करून तिला गप्प केलं होतं. आणि पकडीजवळचे ते दोन आकडे, जिथं बोट पोचत नाही तिथं राहिलेले! तिच्या नवऱ्याचा पलटणीतला नंबर काय होता, एवढं तरी विचारायचं. एक प्रश्न. मी विचारला नाही.

दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. नाही गेलो. आज जाऊ, उद्या जाऊ, ऑफिसात काम आहे, थंडी आहे. शरम वाटत होती, दुसरं काय! बायकोनं दोन-तीनदा टोकलं. शेवटी ती म्हणाली, “तुमी नाही जात त मी जाते.” तेव्हा मी माघाच्या शेवटी बसनं निघालो आणि पुढं पायी त्या गावात पोचलो.

शाळेसमोर दगड होता. चार नावं. खाली एका नावापुरती जागा मोकळी.

घर विचारत गेलो. म्हातारी ओसरीत सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

“तुमी बिल्ल्याचे साहेब ना?”

“हो माय.”

तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. दारात आलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी तसंच पाठवत नाही, तो कुणीही असो. मी खाली जमिनीवरच बसलो आणि जास्त वेळ न लावता बोलून टाकलं.

“माय, माझी चूक झाली. तो बिल्ला खरा होता. तुमच्या मालकांचाच होता.”

मी विचारलं, त्यांचा पलटणीतला नंबर आठवतो का? ती एका दमात नंबर बोलली. हिंदीत, न अडखळता. “तापात बडबडत, तवा नंबरच म्हणत,” ती म्हणाली, “आईकून आईकून मलेबी पाठ झाला.” पहिले दोन आकडे माझ्या वहीतलेच होते. मी वही तिच्यासमोर धरली.

“हे पाहा, माय. मी तेव्हाच लिहून ठेवलेत. हेच दोन आकडे त्या बिल्ल्यावर होते.”

“मले त्याच्यात काय दिसते?” ती म्हणाली. “वही तुमची, लिहिणं तुमचं.”

“बरं, बिल्ला आणा. त्याच्यावरच दाखवतो.”

सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती, तिनं सांगितलं. नातीचं लग्न झालं मागच्या साली. सासूनंच सोनाराकडे बिल्ला दिला आणि आटवून तिच्यासाठी जोडवी केली. पोरगी भरवेलीला दिली आहे, खाणीच्या कॉलनीत.

जोडवी. पायाच्या बोटांत. साठ वर्षं पूजेत ठेवलेली वस्तू! मी कप घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

“ते नाव कधी घातलं होतं, माय?” मी विचारलं. हे तीन वर्षांपूर्वी विचारायचं होतं.

“तो वारला त्याच वर्साले,” ती म्हणाली. “दसऱ्याले घासाले घेतला, त पाह्यलं का अक्षरं दिसतच नाही. मले वाटलं, माणूस बी गेला अन् नाव बी जाऊन राह्यलं. म्हणून मंडईत जाऊन घालून आणलं.”

मग ती हळूहळू बोलायला लागली. माझ्याकडून परत आल्यावर तिनं भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढला आणि धान्याच्या कोठीमागे टाकला. जन्मभर या माणसानं आपल्याला बनवलं, लढाईच्या गोष्टी सांगून सांगून, दर्याच्या, बोटीच्या, बर्फाच्या, आणि होता मेला तिरोडीच्या खाणीत. गावातले बोलत तेच खरं निघालं. पितृपक्षात लेकानं बापाच्या नावानं पान वाढलं, हिनं त्या दिवशी सैपाकाला हात लावला नाही. दसऱ्याच्या पूजेत बिल्ला ठेवला नाही. “लय राग आलता जी,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाशी भांडता बी येत नाही.”

“माय, तो राग माझ्यावर काढा. ते खरंच गेले होते. मी आत्ता सरपंचाकडे जातो, लिहून देतो, सही करून देतो. चार दिवसांत दगडावर नाव येईल. जागा ठेवलेली आहे.”

मी उठलोसुद्धा. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, निदान पदर डोळ्याला लावेल. तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, “बसा.”

मी बसलो.

“नाव नका टाकू जी.”

“का? अहो, त्यांचा हक्क आहे तो!”

“तुमी तवा खोटं म्हनलं, म्या मानलं. शिकलेला माणूस, भिंग लावून सांगून राह्यला, काहून मानू नाही? आता तुमी खरं म्हणता. हे बी मानलं, त मंग म्या काय केलं?” तिचा आवाज चढला नव्हता. “खऱ्या माणसाले तीन वर्सं खोटा म्हनलं. त्याचा फोटो उंदराइत टाकला. त्याचा बिल्ला पोरीच्या पायात घातला. हे मी आता कोठी ठेवू? माहे किती दिवस राह्यले? त्याच्या आंगावर खोटं बसलं, त त्याले आता काय लागते, तो त गेला. माह्या आंगावर हे नका टाकू. तो खोटाच राहू द्या, साहेब.”

पदक असतं तर पकडीजवळचे आकडे दाखवले असते, तिचा हात धरून त्यांच्यावर फिरवला असता. पण ते खरं ठरलं की ती गुन्हेगार ठरत होती, आणि ती ते माझ्या आधी समजून बसली होती. ती सुपाकडे वळली आणि पुन्हा लाखोळी पाखडायला लागली. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागे घेतले.

परत येताना शाळेजवळ सरपंच भेटले. बसपर्यंत सोबत येतो म्हणाले. मी कशाला आलो होतो हे त्यांनी ताडलं असावं, कारण दगडासमोर ते थांबले.

“काय साहेब, त्या बिल्ल्याचं काही निघालं काय?”

खरं काय ते मला ठाऊक होतं. चार शब्दांत सांगता आलं असतं आणि त्या माणसाचं नाव महिन्याभरात तिथं कोरलं गेलं असतं. मी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग म्हणालो, “नाही. मी तेव्हा सांगितलं तेच.”

सरपंचांनी मान हलवली आणि आम्ही बसकडे चालू लागलो.